एक्स्पोसितो आणि आमची कुळी

६ ऑक्टोबर

स्पेनची बाई आली एकदाची! संस्थेत महिनाभर नुसतं "येणार, येणार" चाललं होतं. आमच्या डोंगरातली ज्वारीची, भगरीची जुनी बियाणी बघायची आहेत तिला, आणि तिला गावोगाव फिरवायचं काम माझ्या गळ्यात. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं — म्हणजे आमचं जमणार.

नाव रोसिओ. पुढे एक्स्पोसितो. त्याच्याही पुढे नव्हारो. दोन-दोन आडनावं! एक बापाचं, एक आईचं. लग्न झालं तरी बाईचं बदलत नाही. मी विचारलं, नवरे रागावत नाहीत? म्हणाली, कशाला रागावतील, त्यांना त्यांची आहेत ना!

जीप दिवाल्याची ठरली. मीच सुचवली. का सुचवली ते संस्थेला सांगायची गरज नाही.

९ ऑक्टोबर

घाटात जागोजागी बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्यात. टोपली दिसली की दिवाल्या जीप थांबवतोच. खिडकीतून बिया उडवत, शर्टाला हात पुसत इतकं खातो की बघवत नाही. रोसिओलाही शिकवलं, बोटाने दाबून पिकलेलं कसं ओळखायचं.

दुपारी मी तिला कुळीचं सांगत बसले. कागदावर आम्ही सगळे पावरा. धडगावची मतदार यादी उघडा, पानंच्या पानं पावरा! पण लग्न ठरवताना आडनाव कोण विचारतो? कुळी विचारतात. प्रत्येक कुळीचं एक झाड, नाही तर जनावर. ते तोडायचं नाही, मारायचं नाही, खायचं नाही. आणि एका कुळीतले मुलगा-मुलगी म्हणजे भाऊ-बहीण, मग एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नसो! आमची कुळी टेंभुर्णीची. उन्हाळ्यात सगळं गाव पिकलेली टेंभरं खातं आणि आम्ही म्हणतो, "आमच्यात चालत नाही."

"आणि तुझं काय?" तिने दिवाल्याला विचारलं.

"मला सगळं चालतं!" तो हसला आणि आणखी एक सीताफळ फोडलं.

ते हसणं मी ओळखते. पहिल्या भेटीत मी कुळी विचारली तेव्हाही असाच हसला होता. म्हणाला, "कुळी नाही. जीप आहे."

१० ऑक्टोबर

बियाण्याची पाकिटं आणायला तळोद्याला गेलो. नजीरभाईंकडे चहा झाला. जीप मूळची त्यांची. आता गुडघे धरलेत, म्हणून दिवाल्याकडे सोपवली. रोसिओ समोर बसली आहे म्हटल्यावर म्हाताऱ्याला गोष्ट सांगायचा हुरूप आला. मला ती पाठ आहे, तरी पुन्हा ऐकली.

"बाई, हाऊ पोऱ्या मन्ही जीपमाच सापडना! धडगावले सगळा उतरनात. मी मांगे दखं तं टोपलीमा सीताफळ, आनि सीताफळमा पोऱ्या! रडे बी ना. टुकूटुकू दखी ऱ्हायंता. कोन्ही टोपली शे, कोन्ही टोपली शे — कोनी बोलेच ना!"

घाटात जीप प्रत्येक वळणाला थांबते. कोण चढलं, कोण उतरलं, कोणत्या गावचं — काही सांगता येत नव्हतं. शेवटी जीपमधून उतरलेली कालीकाकी म्हणाली, मी नेते. तिला मूल नव्हतं, नवरा आजारी; तो महिन्याभरात गेला. दिवाळीचे दिवस होते, म्हणून दिवाल्या. नजीरभाई मात्र त्याला अजून "मन्हं सीताफळ" म्हणतात. तो सव्वीस वर्षांचा घोडा झालाय तरी!

मी हसत हसत इंग्रजीत सांगत होते. रोसिओ हसली नाही. मग म्हणाली, "माझ्या आडनावाचा अर्थ माहीत आहे? उघड्यावर ठेवलेलं मूल."

पूर्वी त्यांच्याकडे अनाथालयाच्या भिंतीत एक लाकडी पिंप असायचं, गोल फिरणारं. बाहेरून मूल आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटी वाजवायची आणि निघून जायचं. आतली बाई मूल उचलून घ्यायची. ठेवणारीचं तोंड कोणी बघायचं नाही. अशा कितीतरी मुलांना हेच आडनाव देत — एक्स्पोसितो. मग त्यांच्या मुलांना, नातवंडांना तेच.

मी म्हटलं, हा तर कपाळावरचा शिक्का झाला!

हो म्हणाली. लोक टोमणे मारायचे. मग १९२१ मध्ये सरकारने मुभा दिली, ज्याला नको त्याने फुकटात बदलून घ्यावं. पुष्कळांनी बदललं. तिच्या पणजोबांसारख्याच पिंपातून आलेल्या त्यांच्या मित्रानेही चांगलं भारदस्त आडनाव लावून घेतलं. पणजोबा ऑलिव्हच्या बागेत मजुरी करायचे. ते म्हणाले, मला टाकलं हे खरं, पण मला उचललं हेही खरं. मी नाही बदलत.

आज त्या आडनावाची हजारो माणसं आहेत. तिच्या भागात, दक्षिणेत हाएन म्हणून जिल्हा आहे, तिथे तर फार. शाळेत तिच्याच वर्गात आणखी एक एक्स्पोसितो होता, नात्यातला नाही. डॉक्टर आहेत, पोलीस आहेत, एक तर त्यांच्या गावचा मिठाईवाला! सगळ्यात जास्त म्हणे गार्सिया — ते म्हणजे तिकडचे पावरा.

काय बाई आहे! बॅगेवर ते नाव केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी पहिल्या दिवसापासून बघतेय, पण आज वाचलं.

परत येताना दिवाल्या सीताफळाच्या टोपल्यांजवळही थांबला नाही.

१३ ऑक्टोबर

आज दिवसभर "दिवाल्या एक्स्पोसितो, दिवाल्या एक्स्पोसितो" करत गाडी हाकतोय. रस्त्याकडे बघ मेल्या!

१७ ऑक्टोबर

घरी आले. बाला सांगून टाकलं. दिवाल्याशीच लग्न करणार.

बा ओरडला असता तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते. तो शांतपणे म्हणाला, "पोरगा चांगला आहे. दारू पीत नाही, गाडी जपून चालवतो. पण कोणाच्या घरात देऊ तुला? उद्या तो आपल्याच कुळीचा निघाला म्हणजे?"

एवढी शिकले, नाशिकला राहिले, तरी ह्या प्रश्नातून माझी सुटका नाही. तो माझा भाऊ निघाला तर — हा विचार मीही केलाय. कुणाला बोलले नाही.

धनसिंगबाबांना विचारू म्हणाला बा. ते आमचे पुजारे. त्यांनी नाही म्हटलं तर आमच्या मांडवात कोणी येणार नाही. आणि मांडवाशिवाय, बाशिवाय लग्न — नको. मला ते नकोच आहे.

२२ ऑक्टोबर

सगळं फिसकटलं. आणि तेही मायेपोटी!

आमच्या अंगणात पंच बसले. कालीकाकी नवं लुगडं नेसून आली होती. धनसिंगबाबांनी विचारलं, पोराला कुळी नाही, मग लग्नात पूर्वजांच्या नावाने मोहाच्या दारूची धार सोडायची ती कोणाच्या नावाने?

काकी ताडकन उठली. "नाही कसं म्हणता? माझ्या माणसाने मांडीवर घेतलाय त्याला! गोधडीत गुंडाळून बसला होता, स्वतःच्या पूर्वजांच्या नावाने धार सोडली आणि म्हणाला, हा आमचा. तुम्ही कोण कुळी नाही म्हणणारे?"

केवढ्या अभिमानाने बोलली! इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, मोठ्या दिवशी सांगायचं म्हणून. त्यालाही कधी बोलली नव्हती.

"कोणती कुळी तुझ्या माणसाची?" बाने विचारलं.

"टेंभुर्णी!"

मग काकीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. मटकन खाली बसली बिचारी.

टेंभुर्णी म्हणजे आम्ही. म्हणजे तो माझा भाऊ.

२३ ऑक्टोबर

जेवले नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाल्या भेटला, जीप स्टँडवर. मी रडून रडून सुजलेली, आणि हा वेगळाच. डोळ्यांत पाणी आहे आणि चेहराही उजळलाय. म्हणाला, "मला कुळी होती गं! मला माहीतच नव्हतं. बापाने मांडीवर घेतलं होतं मला."

मी म्हटलं, मग काय, ओवाळू का तुला भाऊबीजेला?

वाईट बोलले. पण त्याला राग आला नाही. मी सुचवलं, काकीने पंचांसमोर नुसतं म्हणावं की चुकून बोलले, तसं काही झालं नव्हतं. काकी तयार आहे. कालच मला म्हणाली, तुमच्यासाठी खोटं बोलेन, माझं काय जातंय?

तो म्हणाला, "तिला खोटं पाडून मी लग्न करणार नाही. मांडीवर घेणारं तेवढंच एक माणूस होतं मला. त्याला नाही म्हणू?"

असा राग आला मला! आणि असा माणूस मी निवडला म्हणून अभिमानही वाटला. दोन्ही एकदम. परत संस्थेच्या खोलीवर येईपर्यंत रडत आणि त्याला शिव्या देत आले.

रोसिओने सगळं ऐकून घेतलं. ती पुढच्या आठवड्यात जाणार. म्हणाली, मला तुझ्या बाबांशी बोलायचंय. मी म्हटलं, बियाण्याबद्दल? म्हणाली, आडनावाबद्दल.

३० ऑक्टोबर

पंच पुन्हा बसले. बाने बोलावले ते पाहुणीचा मान म्हणून. नजीरभाई गुडघे चोळत तळोद्याहून आले. रोसिओ बोलली, मी पावरीत सांगत गेले. स्वतःच्या लग्नाची वकिली स्वतःच करत होते!

तिने पिंपाचं सांगितलं, घंटीचं, पणजोबांचं. मग म्हणाली, पणजोबांना ज्या बाईने वाढवलं तिला ते शेवटपर्यंत आईच म्हणत. पण आडनाव स्वतःचंच ठेवलं. आम्ही त्यांच्यापासून सुरू झालो. आधीचं आम्हाला माहीत नाही, आणि त्याची आम्हाला लाजही वाटत नाही.

धनसिंगबाबा म्हणाले, "तिकडे चालत असेल." झालं, संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात बा बोलला. खाली मान घालून, काडीने मातीत रेघा ओढत.

"ही परक्या मुलखातून येऊन चारचौघांत सांगते. आणि मी घरात सांगत नाही. आमच्यात हे बाप फक्त थोरल्या पोराला सांगतो, बाहेर काढत नाही. आज काढतो. टेंभुर्णीला आम्ही कुऱ्हाड का लावत नाही? दुष्काळात एक मूल सापडलं होतं, टेंभुर्णीखाली. कोणाचं, माहीत नाही. दुसऱ्या कुळीच्या माणसाने उचललं, मांडीवर घेऊन धार सोडली — लहान जीव राखायला. मोठा झाल्यावर पंच म्हणाले, मांडीचं राखणं झालं, आता ज्याच्याखाली सापडला ते झाड ह्याचं. आणि ज्यांनी वाढवलं त्यांच्याच कुळीची मुलगी त्याला दिली. तिथून आम्ही."

सत्तावीस वर्षं मी टेंभुर्णीची म्हणून ताठ मानेने फिरले! इतकी गावं, इतकी घरं, ते सगळे एका टाकलेल्या पोराचे. उचललेल्या पोराचे! रोसिओला इंग्रजीत सांगायचं तर शब्द सुचेनात. शेवटी एवढंच म्हटलं, "आम्हीसुद्धा एक्स्पोसितो." तिने माझा हात घट्ट धरला.

कालीकाकीने घाबरत विचारलं, "मग माझ्या माणसाची धार खोटी?"

"धारेनेच तर पोर वाचलं," बा म्हणाला.

बाच्या तोंडून आजवर इतकं सुंदर काही मी ऐकलेलं नाही. मग तो नजीरभाईंकडे वळला. "पोरगा कशात सापडला होता?"

"टोपलीमा. सीताफळनी टोपली."

धनसिंगबाबा म्हणाले, पूर्वजांना विचारून सांगतो. पोराला एकट्याला माझ्याकडे पाठवा.

१ नोव्हेंबर

रोसिओ गेली. जाताना बॅगेवरचं नाव मला पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावलं. धनसिंगबाबांचा निरोप नाही.

३ नोव्हेंबर

दिवाल्या आज सकाळी तिकडे जाऊन आला. परस्पर खोलीवर आला, दारातच उभा. मला विचारायची हिंमत होईना. हात रिकामा नको म्हणून घाटातून आणलेलं सीताफळ फोडलं, मऊ, छान पिकलेलं, आणि अर्धं त्याच्यापुढे केलं.

त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "आमच्यात चालत नाही."