दुकानाचा कॅमेरा अन् काळी काच

गौतमीचे पप्पा,

गौतमीला डोस द्यायला शेजारच्या ताईंसोबत भोकरदनला चाललेय. भाकरी टोपल्यात आहे, भाजी गरम करून घ्या.

बाळंतपणात मला करमत नव्हतं, तेव्हा तुम्हीच झेरॉक्सच्या दुकानातला गल्ल्यावरचा कॅमेरा माझ्या फोनात जोडून दिला. म्हणाले, "मी दिवसभर तुझ्यासमोरच." तेव्हापासून मी बघत आले. आता तुम्ही मोबाईलवर ती काच लावली, हातात धरणाऱ्यालाच दिसेल अशी. कॅमेऱ्यातून मोबाईलचा पडदा सगळा काळा. विचारलं तर म्हणता, "कॅमेऱ्यात पैसे पाठवायचा पिन दिसतो." बराबर आहे. पण पिन टाकताना माणूस हसत न्हाई. काल गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी ताटकळत उभं होतं अन् तुम्ही मान खाली घालून हसून राह्यले होते. माझ्याकडं बघून असं शेवटचं कधी हसले, आठवतं का?

कोण आहे ती, ते संध्याकाळी मला तोंडानं सांगा. आईंसमोर नको.

माझा फोन फ्रिजवर ठेवलाय, लॉक काढून. सगळा बघून घ्या. त्यात गौतमीचे फोटो आहेत अन् तुमचं दुकान.