घर, बाडी आणि म्हैस सून चंचल हिच्या नावे

मी, जमुनाबाई केवळराम टेंभरे, वय वर्षे अडुसष्ट, व्यवसाय शेती व भाजीपाला, राहणार मौजा हिरडीटोला, तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया, माझी बुद्धी ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. वकीलसाहेबांनी मसुदा टाईप करून दिला होता. त्यात कोणाला काय द्यायचे ते बरोबर होते, पण काऊन, कशासाठी द्यायचे ते नव्हते. उद्या कोणी विचारले तर सांगायला मी नसेन, म्हणून तेही लिहिते.

येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मला ऑपरेशनची भीती कमी आहे. मी नसताना या घरात काय बोलले जाईल, याची जास्त आहे.

१. धानाची शेती, राहते घर, घरामागची भाजीची बाडी आणि एक म्हैस ही माझी मिळकत. माझे पती केवळराम यांनी हयातीतच सर्व माझ्या नावे केले आहे. त्यावर कोणाचा बोजा नाही. मला दोन मुले झाली. थोरला रूपेश नागपूरला नोकरीत आहे. धाकटा देवानंद अडीच वर्षांपूर्वी वारला.

२. धानाची सर्व शेती रूपेशला द्यावी. ती आजही नागपूरहून येऊन-जाऊन तोच बघतो. त्यात दुसऱ्या कोणी हात घालू नये.

३. घर, बाडी आणि म्हैस देवानंदची बायको चंचल हिला देते. रूपेशला हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून घडले ते सांगते.

देवानंदच्या मोटारसायकलला जंगलाच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवे आले, त्यात तो गेला. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेले होते, नंतर सगळे आपापल्या गावी गेले. चंचलने भिंतीकडे तोंड केले ते केलेच. पाणी प्यायची, पण ताट तसेच परत यायचे. प्राची, तिची मुलगी, तेव्हा पाचवीत होती. तीही आईकडे बघून अर्धी भाकर ठेवू लागली. माझा एक गेला होता, आणि आता या दोघी डोळ्यांसमोर चालल्या, असे वाटायचे.

उन्हाळ्याचे दिवस होते. एका सकाळी दूध फाटले. फेकवले नाही, म्हणून फडक्यात बांधले आणि बाडीत गेले. लौकी, म्हणजे दुधी भोपळा, होती, टमाटर होते, थोडा पालक होता. सगळे मऊ शिजवून त्यात ते पनीर कुस्करले आणि भातासोबत तिच्यापुढे ठेवले.

ती म्हणाली, "आई, कायले करता माझ्यासाठी?"

मी म्हटले, "तुझ्यासाठी नाही केलं वो. दूध फाटलं म्हणून केलं. फेकून देऊ का?"

तिने एक घास घेतला, मग दुसरा. मी दुसरीकडे बघत बसले, कारण बघितले तर थांबेल अशी भीती होती. दुसऱ्या दिवशी ती उठून चुलीपाशी आली आणि विचारले, "आज दूध फाटलं नाही का?"

मी म्हटले, "फाटून राहिलं," आणि ती वळल्याबरोबर दुधाच्या गंजात लिंबू पिळले.

हळूहळू ती बाडीत यायला लागली. आज बाडी तीच करते. गोरेगावच्या बाजारात भाजी तीच नेते. मला धाप लागते तेव्हा तेच जेवण करून मला तीच भरवते. तिने हे घर धरून ठेवले, म्हणून घर तिचे.

४. चंचलने पुन्हा लग्न केले तरी वरील हक्क कायम राहील. हे कलम मी खोडणार नाही. गुलशन नागझिऱ्याच्या अभयारण्यात पर्यटकांची गाडी चालवतो. त्याची बायको वारली आहे. देवानंदला रस्त्यावरून उचलून दवाखान्यात त्यानेच नेले होते. त्याने मागणी घातली, तेव्हा चंचल मला म्हणाली, "मी लग्न केलं तर घर सोडा लागते. मग प्राचीचं काय, तुमचं काय?"

मी म्हटले, "घर सोडाले कोणी सांगितलं तुले? त्यालेच इकडं येऊ दे."

रूपेश फोनवर म्हणाला, "आई, तो माणूस बाबाच्या घरात खाट टाकून बसन. लोक काय म्हणतीन?"

मी फोन ठेवला. त्या रात्रीपासून मला झोप नाही. मी डोळे मिटल्यावर माझा पोरगाच हिला दाराबाहेर काढेल का, हेच मनात फिरते.

५. माझ्या गळ्यातली सोन्याची एकदाणी रूपेशची बायको रेणू हिला द्यावी. माझ्या त्या भाजीला "हे तर दवाखान्याचं जेवण" म्हणून तिने ताट म्हशीपुढे ठेवले होते. मी विसरले नाही. तरी एकदाणी तिचीच. किसणी प्राचीला द्यावी. ती गोंदियाहून आणलेले चीज या भाजीवर किसून टाकते. मी आधी नाक मुरडले, आता मीही मागून खाते.

६. हे कलम रूपेशसाठी. बाबू, मी गेल्यावर चंचल पुन्हा जेवणार नाही, ही माझी सगळ्यात मोठी भीती आहे. कागदाने घर देता येते, घास देता येत नाही. म्हणून तू करायचे. दुधाला उकळी आली की लिंबू पिळ. फाटले की फडक्यात बांधून खुंटीला टांग. बाडीतली लौकी, टमाटर, पालक आण. तेलात जिरे, ठेचलेला लसूण, मग भाजी, हळद, मीठ. पाणी घालू नकोस, लौकीलाच सुटते. मऊ झाले की पनीर कुस्करून टाक, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. तिखट घालायचे नाही, रडून घसा सोललेला असतो. ताट ठेवून निघून जायचे नाही, समोर बसायचे.

७. वरील लिहून झाल्यावर रूपेश मला नागपूरला न्यायला आज आला. मी हे कागद त्याच्या हातात दिले. तो अंगणात बसून वाचू लागला, मी दारात उभी राहिले. चंचल बाडीत होती. त्याने शेवटचे पान दोनदा वाचले.

म्हणाला, "गुलशनचं मले अजून पटलं नाही."

मी म्हटले, "बरं."

मग कागदावर बोट ठेवून विचारले, "लौकीचं साल काढाचं का?"

मी म्हटले, "कोवळी असली तर राहू दे."

हेही मृत्युपत्राचाच भाग समजावा.

यापूर्वी मी कोणताही असा लेख केलेला नाही. सर्व पाने मी पुन्हा वाचली आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. या दोघांना यातून काहीही मिळणार नाही.

सही: जमुनाबाई केवळराम टेंभरे

साक्षीदार:
१. केशोराव पटले, राहणार हिरडीटोला
२. शालीकराम बोपचे, राहणार गोरेगाव

ठिकाण: हिरडीटोला
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२४