पवनचक्की, खुर्ची आणि दातांचे डॉक्टर

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी जिना चढायला बंदी केली आहे म्हणे. ती मुकाट्याने पाळा. (आमच्या घरातल्या बंद्यांविषयी पुढे येईलच.) इकडे सगळ्यांची प्रकृती ठीक. माझं विचाराल तर पोटात दुखतंय, आणि त्यावर औषध नाही, कारण त्या दुखण्याचं कारण स्वतःच डॉक्टर आहे.

आमच्या वाचनालयाच्या माडीवर रविवारी वाचकमंडळ भरतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. यंदा मंडळाने तुम्ही अनुवाद केलेली ती जुनी अमेरिकन कादंबरी घेतली. माळरानावरचा एकटा म्हातारा शेतकरी, ओसरीवरची रिकामी खुर्ची, अंगणातली बंद पडलेली पवनचक्की, सगळं आता आम्हाला घरच्यासारखं झालंय. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! अनुवादकाचा सख्खा भाचा म्हणून अध्यक्षीणबाईंच्या शेजारची, पंख्याखालची जागा माझी. मंडळाची पद्धत अशी की दर रविवारी पुस्तकातलं एक महत्त्वाचं वाक्य निवडायचं आणि ते आठवडाभर खाली दाराशी फळ्यावर झळकवायचं. सुरुवातीची वाक्यं सगळी माझी. ही (तुमची सूनबाई) जाता-येता फळ्यापाशी थांबायची आणि लोकांना सांगायची, "आमच्या ह्यांनी निवडलंय." मामा, पंपांच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी काय हवं?

तेवढ्यात हे दातांचे डॉक्टर उगवले. उंच, इस्त्रीचे, आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ताच दाढ काढून घ्यावी. शिवाय त्यांनी कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचलेली. पवनचक्कीचा विषय निघाला तेव्हा मी आपलं माहितीतलं सांगितलं, की ती पाणी उपसायला असते आणि वेळच्या वेळी तेल घातलं नाही की जाम होते. सगळे हसले. (ही सुद्धा! सगळ्यात आधी!) मग डॉक्टर उठले आणि म्हणाले, ती पवनचक्की म्हणजे म्हाताऱ्याचं थांबलेलं मन. अध्यक्षीणबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. मग कुंपणही प्रतीक निघालं, विहीरही निघाली, आणि तो बिचारा लंगडा कुत्रासुद्धा सुटला नाही. पुढच्या रविवारी पंख्याखाली डॉक्टर, आणि मी दाराजवळ, जिथे चपलांचा वास येतो तिथे.

तरी मी गिळलं असतं. पण ही डॉक्टरांची वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजच्या दारावर लावायला लागली. जिथे माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं वेळापत्रक होतं तिथे! गोळ्या खाली भाजीच्या कप्प्यापाशी गेल्या. सकाळी दूध काढायला जावं तर समोर डॉक्टर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्यापासून काय लपवायचं, मला सरळ सरळ हेवा वाटत होता. इतक्या वर्षांत माझं एक वाक्य हिने कुठे चिकटवलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, ह्यांचे दात ह्यांच्याच घशात घालायचे. पुस्तकात नसलेलंच एक वाक्य मी तयार केलं: "खुर्ची रिकामी नाही, राखलेली आहे." (कुठून सुचलं कोण जाणे. एका गिऱ्हाइकाचा पंप जोडत होतो आणि आपोआप तोंडात आलं.) रविवारी उभा राहिलो, खुर्चीच्या प्रकरणातलं म्हणून ते ठणकावून वाचलं आणि नम्रपणे म्हणालो, डॉक्टरांनी यावर प्रकाश टाकावा. बेत असा की त्यांनी टाकला, की मी सांगणार, साहेब, हे पुस्तकातच नाही!

मामा, डॉक्टरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मूळ इंग्रजीत हे वाक्य याहूनही सुंदर आहे." आणि बोलत सुटले! वाट पाहणं, माया, माणसाची जागा, काय काय. मी तोंड उघडणार इतक्यात हिच्याकडे नजर गेली. ही पदराने डोळे पुसत होती. मी खाली बसलो.

आता वाक्य फळ्यावर आहे आणि खाली लिहिलंय, 'विवेचन: डॉक्टर'. फ्रिजवरही आहे, इतर सगळ्या चिठ्ठ्या काढून, एकटंच. म्हणजे मी माझ्याच वाक्यावर जळतोय, आणि ते माझं आहे हे सांगायची सोय नाही. सांगावं तर हिच्यासमोर खोटारडा ठरतो, गप्प बसावं तर डॉक्टर थोर ठरतात. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय ते मला प्रात्यक्षिकासह समजलं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा,
भाचा

ता. क. अध्यक्षीणबाईंना ते वाक्य पुस्तकात सापडेना. मी सांगितलं, मामांनी पहिल्या आवृत्तीत ते गाळलं होतं, नव्या आवृत्तीत येतंय. (आळ तुमच्यावर घातला, मोठ्या मनाने माफ करा.) तुमच्याकडे नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला आलीच आहेत. खुर्चीच्या प्रकरणात कुठेतरी ती एक ओळ घालाल का? अमेरिकेतून कोण बघायला येतंय! हिच्यासमोर माझी लाज राहील.

ता. क. दुसरा. मामा, नमस्कार. मी सूनबाई. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला हे विसरले, म्हणून वाचलं. ती ओळ पुस्तकात घालू नका. लग्नानंतर माझी दवाखान्यात दुपारपाळी असायची. जेवायला पाहुणे आले आणि कोणी माझ्या खुर्चीवर बसायला लागलं, की हे म्हणायचे, "ती खुर्ची रिकामी नाही, राखलेली आहे." सासूबाईंनीच मला सांगितलं होतं. ह्यांना आठवत नाही, मला आठवतं. ते वाक्य आमच्या घरचं आहे, अमेरिकेला कशाला द्यायचं?

आणि हे ह्यांना इतक्यात कळवू नका. डॉक्टर आल्यापासून हे रविवारी दाढी करतात, शर्टाला स्वतः इस्त्री करतात. अजून थोडे दिवस जळू देत.