अण्णाचे लोखंडी डबे

८ मार्च १९८१
थोरल्या भावाचा, अण्णाचा दहावा. पिंडाला कावळा शिवेना. ऊन वाढलं. चुलतभाऊ परशराम म्हणाला, रवळू, काय तरी शब्द दे की रं त्याला. मी म्हणालो, अण्णा, तुझी खेळातली आगगाडी मी चालू ठेवतो. वर्षश्राद्धाच्या आत तुझ्या इंजिनानं सगळे डबे ओढून दाखवतो. कावळा लगेच आला. आठवड्याचं काम आहे.

१५ मार्च
डबे अण्णानं मच्छे गावच्या फाउंड्रीत स्वतः ओतलेले, वरवंट्यासारखे जड. इंजिन मुंबईचं, सेलवरचं, हलकं. अण्णा खोलीचं दार लावून चालवायचा. बाहेर खडखडाट ऐकू यायचा. म्हणजे ओढतं.
रुळांना तेल दिलं. चाकं जागेवरच गरगरली. तेल कमी पडलं असावं.

२ एप्रिल
तेल वाढवलं. आता एकटं इंजिनही सरकत नाही.
ऑफिसात लक्ष नाही, असं साहेब म्हणाले. त्यांना रेल्वेतलं काय कळतंय? मला दुःख वगैरे नाही. फक्त एका जागी बसवत नाही.

२१ जून
शोध लागला. इंजिनच जड हवं. तेल पुसलं, इंजिनाच्या पोटात शिसं भरलं. एक डबा निघाला! दुसरा जोडल्यावर थांबलं. परशराम म्हणाला, इंजनाला बी सुतक हाय काय रं?

१० ऑक्टोबर
चाकांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवल्या. दोन डबे! वहिनी दारातून म्हणाल्या, भाऊजी, जेवून घ्या की, लई वाळलाय. म्हटलं, आधी तिसरा. पट्टी तुटली. ट्यूबच जुनी.

१७ जानेवारी १९८२
दोष सेलचा होता. परशरामच्या स्कूटरची बॅटरी जोडली. सगळे डबे लावले. हिसका बसला, डबे हलले. मग धूर. मोटर गेली.
पण हलले.

१६ फेब्रुवारी
वर्षश्राद्ध. कंग्राळी गावाहून सगळे नातेवाईक आले. फोटोसमोर रूळ मांडले. पुढं इंजिन, मागं सगळे डबे, शेवटच्या डब्यामागं माझं बोट. वर टॉवेल. गाडी फोटोपर्यंत गेली. परशरामनं टॉवेलाकडं बघितलं आणि फोटोला हात जोडले.
पानं वाढताना वहिनी हळूच म्हणाल्या, त्येंच्या इंजनानं बी कधी वढलं न्हाय, भाऊजी. हातानंच ढकलायचे. म्हणून तर दार लावायचे. म्हणायचे, रवळूला सांगू नगंस.
कावळ्यासाठी ठेवलेलं पान बघायला छपरावर गेलो. त्यानं ते केव्हाच उष्टावलं होतं. गाडी सुटायच्या आधीच, असं शेजारी म्हणाले.
बोटाला वंगण लागलंय. धुवायला उठवत नाही.