उपाध्यक्षांची गाडी काऊन तापते

१२ नोव्हेंबर २००६, सकाळी ७
नवी वही. संकल्प: रोज लिहायचं आणि खरं तेवढंच लिहायचं.

काल दवनीवाड्याच्या मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, समितीचा उपाध्यक्ष झालो. बिनविरोध. दुसरा कोणी उभाच नव्हता, पण तो त्यांचा प्रश्न. लगेच गोंदियाच्या पेंटरकडून पाटी करून आणली. पत्र्याची, चार फूट बाय दोन, लाल. ‘धनलाल टेंभरे, उपाध्यक्ष’. जीपच्या पुढच्या जाळीवर बसवली. जाळी पूर्ण झाकली गेली, त्यामुळे फ्रंट एकदम क्लीन दिसतो.

गावात अशी पाटी नाही. अशी जीपही नाही, दहा माणसं बसतात. ट्रॅक्टर विकून घेतली तेव्हा बायको पुष्पा आठ दिवस बोलली नव्हती. तिला व्हिजन नाही.

परवा आपलं थ्रेशर जीपमागे जोडून बोदलकशाला नेणार. तिथे रुख्मावहिनी. थोरले दादा गेल्यापासून एकटीच शेती बघते. धान कापून दोन पुंजणी, म्हणजे गंज्या, रचून ठेवल्या आहेत. तिथला देवेंद्र त्याच्या ट्रॅक्टरवर मळून द्यायला तयार होता. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, घरचं थ्रेशर असताना परक्याचं लावाल तर माझी इज्जत काय राहील.  ती बरं म्हणाली. बायकांना ठामपणा आवडतो.

१४ नोव्हेंबर, दुपारी
बोदलकशाच्या वाटेवर, तिरोड्याच्या अलीकडेच तापमानाची सुई लाल पट्ट्यात. बॉनेटमधून वाफ. पाच मिनिटं विचार केला. निदान: पाणी कमी. रेडिएटरचं झाकण उघडलं.

(नोंद: गरम असताना उघडू नये.)

उजव्या हाताला हळद लावली आहे, म्हणून अक्षर असं. थ्रेशर घेऊन परत आलो. आजची फक्त ट्रायल होती.

१५ नोव्हेंबर
बकाराम मेकॅनिकला बोलावलं. चौथी नापास. बॉनेटसुद्धा न उघडता म्हणाला, “पाटी काढा जी. इंजिनले हवा कोठून भेटन?”

लगेच समजलो. याच्या साळ्याला उपाध्यक्ष व्हायचं होतं, नाव द्यायची हिंमत झाली नाही. म्हणून पाटी खुपते.

मी शांतपणे लॉजिक मांडलं. हीच पाटी लावून परवा बाजारात गेलो, गाडी तापली नाही. थ्रेशर जोडलं की तापते. म्हणजे पाटी निर्दोष. त्यावर तो म्हणे, ओझं ओढताना जास्त हवा लागते, पोतं घेऊन चाललेल्या माणसाचं तुम्ही नाक दाबता का. भाषा पाहा.

फॅनचा पट्टा बदलायला लावला. थर्मोस्टॅट काढून फेकायला लावला. त्याने लगेच केलं. शिकलेल्या माणसापुढे हे लोक असेच नमतात.

१७ नोव्हेंबर
दुसरा प्रयत्न. तिरोडा ओलांडून सहा किलोमीटर. ही प्रगती. मग वाफ.

देवेंद्र ट्रॅक्टरवरून चालला होता. थांबून विचारलं, ओढून देऊ का. म्हटलं, गाडीला जरा आराम देतो आहे. चिखलाच्या चाकांच्या माणसाचे उपकार घ्यायची वेळ अजून आलेली नाही. तो पाटीकडे बघत बघत गेला. वाचता येत असावं.

घरी पुष्पाने सुचवलं, पाटी घरातच भिंतीवर लावू. म्हटलं, घरात मला कोण ओळखत नाही?

“तेच त,” म्हणाली.

काय म्हणायचं होतं कोण जाणे.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
आभाळ भरलंय. वहिनीचा फोन. पुंजणी दोन, ताडपत्री एक. देवेंद्रला सांगू का, विचारत होती. म्हटलं, उद्या सकाळी दहाला थ्रेशर तुमच्या दारात. उपाध्यक्षाचा शब्द आहे. तिने फोन ठेवला.

उद्याची तयारी: पाण्याच्या सहा कॅन. बॉनेट चार बोटं उघडं, मध्ये नारळाची करवंटी. ही आयडिया बकारामला सात जन्मांत सुचणार नाही.

२० नोव्हेंबर
पाऊस. निघालो नाही. पाऊस माझ्या हातात नाही.

२१ नोव्हेंबर
उघडीप. पण करवंटी सापडेना. पुष्पाने चुलीत घातली. हा जाणूनबुजून केलेला घातपात. नवा नारळ आणण्यात दिवस गेला. वहिनीचा फोन नाही. म्हणजे घाई नसावी.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
तिसरा प्रयत्न. बोदलकशाच्या चढावर इंजिनात मोठा आवाज झाला आणि गाडी थांबली. सगळ्या कॅन संपल्या होत्या. दोन किलोमीटर पायी.

वहिनीच्या खळ्यात देवेंद्रचं थ्रेशर चालू होतं. ताडपत्रीखालचं पुंजणं मळून होत आलं होतं. मला न विचारता. मी इज्जतीचा विषय काढणार होतो, तेवढ्यात ती मला दुसऱ्या पुंजण्याजवळ घेऊन गेली. ते उघडं राहिलं होतं, काळं पडलेलं.

“हात घाला भाऊजी,” म्हणाली. “हे बी तापून राहिलं.”

कोपरापर्यंत घातला. आत वाफ होती. मूठभर बाहेर काढलं तर दाण्यांना पांढरे कोंब. ती रागावली नाही. रागावली असती तर उत्तर तयार होतं. जेवून जा म्हणाली. नव्या तांदळाचा भात केला होता.

जीप आणि मागचं थ्रेशर देवेंद्रनेच ओढून दवनीवाड्याला आणलं. पुढे साखळी बांधायला पाटी काढावी लागली. वहिनीने माणूस पाठवून ती मागून घेतली, ओलं धान पसरायला जागा पुरत नव्हती म्हणून. माझं नाव वरच्या बाजूला ठेवलं की खालच्या, ते पाहिलं नाही.

गावात शिरताना बकाराम त्याच्या दुकानासमोर उभा होता. नमस्कार केला.

वाटभर मी स्टिअरिंगवर बसून सुईकडे लक्ष ठेवलं. एकदम थंड. पाटी नव्हती हे खरं, पण इंजिनही बंद होतं. त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही.

उजवा हात अजून गरम वाटतो. त्या दिवशीच्या झाकणाचं असेल.