आतल्या बाजूची नोटीस

ता. ४ जून
तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

कागद पाठकोरा आहे, हसू नकोस. नातीचा वर्ग बंद झाल्याचं काल शिपाई दारात येऊन सांगून गेला. ऐकू न येणाऱ्या मुलांचा तो एकच वर्ग. सून विचारायला गेली, तर कारकून म्हणाला, सभा झाली, ठराव झाला, पालकच आले नाहीत. येतील कसे? नोटीस फाटकावर लावायची, पालकांचं ऐकायचं, मगच ठराव, असा नियम आहे ना? त्या फाटकातून आम्ही रोज जातो. तू तिथला मुख्याध्यापक. काही असलं तर दादा सांगेलच, म्हणून मी गाफील राहिले. पत्त्यांत लबाडी करणाऱ्याला डावातून उठवणारा तू, म्हणून सरळच विचारते. नोटीस कुठे लावली होतीस?

वहिनीचा गुडघा कसा आहे?

तुझी धाकटी

ता. ९ जून
चि. सौ. मुनीमबाईस,
अ. उ. आ.

पाठकोऱ्या कागदाला हसलोच. गुडघा बरा, जीभ त्याहून बरी.

नोटीस माझ्या खोलीच्या दाराला आतून लावली होती. गाजावाजा नको, असा शिक्षण खात्यातल्या साहेबांचा निरोप होता. पालक आले असते तर रडारड झाली असती आणि ठराव तोच झाला असता. निवृत्ती तोंडावर आली, आता साहेबांशी कुठे भांडू? कोणा पालकाच्या तक्रारीवरून चौकशी लागली आहे. तुला विचारलं, तर तुला काही ठाऊक नाही. घरातलं घरात राहू दे, आणि माया आटू देऊ नकोस.

तुझा दादा

ता. १७ जुलै
तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी फोन घेत नाही, म्हणून लिहिते. चौकशीला जाण्याआधी देवापुढे बसले होते. खोटं बोलायची परवानगी मागायला जीभ उचलली नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा तू कळवलंस ते सांगितलं. तुला घरी बसवतील, हे ठाऊक असून सांगितलं.

काल सभा पुन्हा झाली, नियमाने. सून उभी राहून बोलली, सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. वर्ग तरीही बंदच ठरला. तुझं म्हणणं खरं झालं, त्याचं सुख तुला नसेल, मलाही नाही.

नात आता मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसते. घरी आली की हातांनी विचारते, आजोबा शाळेत का दिसत नाहीत. ती हातांची भाषा तिच्यासाठी घरात तू एकटाच नीट शिकलास. मला तिचा प्रश्न तेवढा कळतो, हातांनी सांगता काही येत नाही.

रागाने का होईना, दोन ओळी लिही.

तुझी धाकटी