भिंतीबाहेर काढलेल्या धुराच्या मालकीबाबत

प्रति,
मा. प्रदूषण नियंत्रण अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : धूर बंद करण्याच्या आपल्या आदेशाचे पालन केल्याबाबत, व पालन केल्यामुळे अर्जदारावर होऊ घातलेल्या कारवाईबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, अर्जदाराच्या दुकानाच्या दारावर चिकटवलेली.

महोदय,

१. सदर अर्जदार ही कंपनीच्या मागच्या भिंतीशेजारी राहते व पुढच्या खोलीत कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे दुकान चालवते. घरात तिचे सासरे आहेत. नोकरीत असताना ते कोर्टात पक्षकारांचा पुकारा करीत, आणि त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे बसलेल्या वकिलांनाही उठवून बसवी. अलीकडे त्यांना एक वाक्य पुरे करता येत नाही. "पाणी" म्हणतात, थांबतात, श्वास गोळा करतात, मग "दे" म्हणतात. त्यांच्या खोलीची खिडकी सदैव उघडी ठेवावी, असे डॉक्टरांनी बजावले आहे. खिडकी एकच आहे आणि ती भिंतीच्या बाजूला आहे.

२. सदर कंपनी काय बनवते हे गल्लीत कोणालाही नक्की ठाऊक नाही. कंपनीचे मोठे साहेब मात्र हरित ऊर्जेवर भाषणे करतात, आणि तो माल भरपूर निघतो. छपरावर सोलर पॅनल आहेत. त्यांची तोंडे रस्त्याकडे आहेत. सूर्य त्या बाजूला फिरकत नाही, परंतु पाहुण्यांच्या गाड्या तिकडूनच येतात. कंपनी चालते ती मागच्या अंगाला ठेवलेल्या डिझेल जनरेटरवर. पूर्वी त्याचा धूर कंपनीच्याच अंगणात फिरत असे. मग मोठ्या साहेबांनी एका समारंभात जाहीर केले की, वर्षअखेर आमच्या आवारात धूर शून्य असेल. दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करते. जनरेटरच्या धुराड्याला नवा पाइप जोडला, भिंतीला भोक पाडले आणि पाइपाचे तोंड अलीकडे काढले. ते सासऱ्यांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर आहे. आवारात धूर शून्य झाला. राहिलेला सगळा आमच्या वाट्याला आला.

३. अर्जदाराने आपल्याकडे तक्रार केली. आपण तत्परतेने निरीक्षक पाठवलात, त्याबद्दल आभार. निरीक्षकांनी प्रथम कंपनीच्या आवारात यंत्र धरले. हवा उत्तम निघाली. तिथे सरबत घेऊन ते गल्लीत आले, तेव्हा यंत्र किंचाळू लागले. अर्जदाराने पाइप दाखवला, तो कुठून येतो तेही दाखवले. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "बाई, धूर जिथे बाहेर पडतो तिथलाच धरावा लागतो. मागचं आम्ही बघत नाही." असे असेल तर नळाचे पाणी तोटीतच तयार होत असावे. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. तक्रारदार तीच, आरोपीही तीच. चोर सोडून संन्याशाला सुळी, एवढेच ऐकले होते. इथे तर संन्याशानेच चौकीत जाऊन चोरी झाल्याचे कळवले होते.

४. नोटिशीची बातमी कळताच मोठे साहेब स्वतः फोटोग्राफर घेऊन दुकानात आले. प्रदूषण करणाऱ्या लहान व्यावसायिकांना हिणवू नये, सोबत घेऊन जावे, असे त्यांचे धोरण आहे. त्यांनी अर्जदाराला दत्तक घेतल्याचे सांगितले. अर्जदाराचे वय त्यांच्याहून बरेच अधिक आहे. नंतर दोरीवरच्या चादरींकडे पाहून त्यांनी सल्ला दिला की कपडे ऊन-वाऱ्यात वाळवत जा, ती अक्षय ऊर्जा आहे. अर्जदार लग्न होऊन आली तेव्हापासून ऊन-वाऱ्यातच कपडे वाळवते. तिला यासाठी कोणी व्यासपीठावर बोलावले नाही. सल्ला सुरू असतानाच जनरेटर सुरू झाला आणि चादरींवर काजळी बसली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि अर्जदाराकडे अशा नजरेने पाहिले की, तिलाच क्षणभर वाटले, धूर आपणच काढला. आत सासरे खोकत होते. त्यांचा फोटो नको, असे ठरले.

५. आपल्या नोटिशीत स्पष्ट आदेश आहे की "सदर धूर नोटीसधारकाने स्वखर्चाने, उगमापाशी, कायमचा बंद करावा." अर्जदार आदेश मोडणाऱ्यांपैकी नाही. तिचा धाकटा दीर गवंडी आहे. इस्त्रीच्या टेबलावरचे जुने ब्लँकेट भिजवून पाइपाच्या तोंडात ठोसले आणि दिराने वरून सिमेंटचा गिलावा केला. काम सुबक झाले आहे. आपण पाहून खात्री करावी.

६. त्या दिवशी कंपनीत हरित उद्योगपतींचा मेळावा होता, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते. आपण तिथे प्रमुख पाहुणे होतात, हेही नंतर कळले. मोठे साहेब सूर्याच्या सामर्थ्यावर बोलत असताना जनरेटर गुदमरून बंद पडला आणि बाहेर लख्ख ऊन असताना सभागृहात अंधार झाला. आपण लिफ्टमध्ये अडकलात, असे वॉचमनकडून समजले. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. आत हवा कमी होती, श्वास घेणे जड गेले, असेही समजले. त्याबद्दल अर्जदार आपल्याला वेगळे काही सांगू इच्छित नाही.

७. आज संध्याकाळी कंपनीचे मॅनेजर तावातावाने आले आणि गल्लीतल्या सर्वांसमक्ष म्हणाले, "आमच्या पाइपला हात लावलाच कसा? उद्या फोडून मोकळा करणार, आणि पोलीस घेऊन येणार." आजवर हे लोक नाकाने कांदे सोलत होते. पाइप त्यांचा आहे हे त्यांच्या तोंडून प्रथमच बाहेर पडले.

८. तरी अर्जदाराची विनंती आहे की, आपण दोहोंपैकी एकच काहीतरी ठरवावे. पाइप कंपनीचा असेल, तर धूरही कंपनीचा. सोबत जोडलेली नोटीस त्यांच्या फाटकावर लावावी. धूर अर्जदाराचाच असेल, तर तिचा धूर तिने बंद केला आहे. तो पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणाच्या बापाला नाही. (हा शब्द रागात आला आहे. अर्ज पुन्हा लिहायला वेळ नाही, म्हणून तसाच ठेवला आहे.) निर्णय उद्या सकाळपूर्वी व्हावा. पाइप फोडला तर खिडकी बंद करावी लागेल, आणि खिडकी बंद केली तर सासरे काढणार नाहीत फार दिवस. हे अर्जदार घाबरून लिहीत आहे, एवढी नोंद घ्यावी.

९. पालनाचा परिणाम कळवणे बंधनकारक असल्याचे नोटिशीत म्हटले आहे, म्हणून कळवते. पाइप बुजवल्यापासून खोलीत हवा येते. काल जेवताना सासऱ्यांनी कित्येक महिन्यांनी एक पूर्ण वाक्य मध्ये न थांबता उच्चारले. वाक्य बरेच लांब होते आणि आपल्याविषयी होते. अर्जाच्या भाषेत ते बसत नाही, म्हणून येथे दिलेले नाही. आपण चौकशीस प्रत्यक्ष आलात तर ते स्वतः म्हणून दाखवतील. आवाज रस्त्यापलीकडे जातो.

सोबत : १. नोटीस, दाराच्या रंगासकट सुटलेली.
२. सासऱ्यांच्या उशीचा अभ्रा, न धुतलेला.

आपली आज्ञाधारक,
(सही)
नोटिशीपुरती धुराची मालकीण,
भिंतीमागचे इस्त्रीचे दुकान.
दिनांक : मेळाव्यानंतरचा दिवस